एका काळ्या तबकडीची हकीकत



आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल, आणि जे मला ओळखतात त्यांस हसूंहि येईल. मॅट्रिक होऊन मास्तरकीचें शिक्षण घेतलेला, उभी हयात मुलांकडून पाढे म्हणवून घेण्यांत घालविलेला, आणि ज्याचा कान गांवच्या कीर्तनावर, दशावतारी खेळांवर व शाळेच्या बाजाच्या पेटीवर पोसला गेला असा मी एक वयस्क मास्तर, इंग्लंडांतील 'हार्ड रॉक' नांवाच्या दणदणाटी संगीताविषयीं बोलावयास बसलों आहें. त्या संगीताचा मी जाणकार नाहीं. परंतु त्यांतील एका तबकडीशीं माझा जवळजवळ पन्नास वर्षांचा संबंध आहे, आणि तो संबंध फारसा अभिमानास्पद नाहीं. म्हणूनच बोलावेंसें वाटलें.

त्या तबकडीचें नांव 'मशीन हेड'. तंबोऱ्यास जशा खुंट्या असतात तशा गिटारीस तारा पिळण्यासाठीं ज्या दांतेरी खुंट्या असतात, त्यांस इंग्रजींत हें नांव आहे. गाणारी-वाजविणारी मंडळी 'डीप पर्पल' या नांवाची. तबकडी १९७२ सालच्या मार्च महिन्यांत विक्रीस निघाली आणि इंग्लंडांतील खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. तिची एक प्रत या क्षणीं माझ्यापुढें टेबलावर आहे. तिच्या दुसऱ्या बाजूवर, अगदीं कडेस, तिळाच्या दाण्याएवढा एक ओरखडा आहे. त्याची हकीकत शेवटीं सांगेन.

आधीं तबकडी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारण हल्लींच्या मुलांस गाणें हें हवेंतून येतें असें वाटतें. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. त्या मिनिटास ७८ वेळां फिरत, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावे. त्यांस लागणारी लाख बव्हंशीं आपल्याच देशांतील रानांतून साऱ्या जगास जात असे. आपल्या मोठमोठ्या गवयांनीं तासभर रंगणारे राग त्या तीन मिनिटांच्या डबींत बसविले. तें त्यांचें कसब खरें, पण डबी ती डबीच. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें 'लाँग प्ले' तबकडी बाजारांत आणली. ती बारा इंच व्यासाची, व्हाइनल नांवाच्या पदार्थाची, आणि मिनिटास ३३ १/३ फेरे घेणारी. म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद. हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा, पुढें लागणार आहे. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहूनहि अधिक वेळ गातां येतें. पाहणाऱ्यास तिच्यावर शेंकडों वर्तुळें दिसतात. वस्तुतः ती कडेपासून मध्यापर्यंत गेलेली एकच लांबलचक खांच असते. खांचेच्या दोन भिंतींवर दोन कानांचे दोन निरनिराळे ध्वनि कोरलेले असतात, आणि बारीक सुई एकाच वेळीं दोन्ही भिंतींना घासत जाते. एवढ्या नाजूक वस्तूवर इतका दणदणाट कोरून ठेवतां येतो, याचें मला आजहि नवल वाटतें.

आतां मंडळींविषयीं. डीप पर्पल हा संच इंग्लंडांत १९६८ सालीं उभा राहिला. दुसऱ्याच वर्षीं त्यांतील दोघे बदलले, आणि मग जी पांच माणसें जमलीं तींच या तबकडीचीं मानकरी: गिटारीवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ढोलांवर इअन पेस, खर्जाच्या गिटारीवर रॉजर ग्लोव्हर आणि गावयास इअन गिलन. हीं माणसें अडाणी नव्हतीं. १९६९ सालच्या सप्टेंबरांत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें रॉयल फिलहार्मॉनिक या नामांकित वाद्यवृंदाबरोबर त्यांनीं जॉन लॉर्डनें रचलेली एक मोठी संगीतकृति सादर केली होती. परंतु त्यांचा जीव रमला तो कर्कश आवाजांत. विजेच्या गिटारीचा आवाज ध्वनिवर्धकास झेपणार नाहीं इतका वाढवावयाचा, म्हणजे तो फाटतो; त्या फाटण्यांतच त्यांस गोडी. जॉन लॉर्ड तर आपल्या हॅमंड ऑर्गनचा सूरहि गिटारीसाठीं बनविलेल्या ध्वनिवर्धकांतून काढी, त्यामुळें देवळांत शोभणारें तें वाद्य आखाड्यांत उतरल्यासारखें घुमे.

१९७१ च्या अखेरीस त्यांस नवी तबकडी करावयाची होती. ध्वनिमुद्रणाच्या बंदिस्त खोलींत रंगमंचावरचा जोम उतरत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हां त्यांनीं स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा सरोवराच्या कांठीं असलेल्या माँत्रो या गांवचें कॅसिनो ठरविलें. जेथें १९६७ पासून दरसाल जाझ संगीताचा उत्सव भरत असे तेंच हें स्थळ. हिवाळ्यांत तें बंद राहणार, म्हणजे मोठें सभागृह यांस मोकळें मिळणार होतें. ध्वनिमुद्रणाचीं यंत्रें बसविलेली एक मोठी मोटार 'रोलिंग स्टोन्स' या दुसऱ्या विख्यात संचाच्या मालकीची होती. ती भाड्यानें घेऊन तेथें नेली. बंद होण्यापूर्वीं कॅसिनोंत एकच जलसा उरला होता, अमेरिकेच्या फ्रँक झॅपाचा. तो ४ डिसेंबर रोजीं झाला, आणि डीप पर्पलची मंडळीहि तो पाहावयास गेली.

त्या जलशांत प्रेक्षकांतील कोणीं एकानें दारूचा बाण सोडण्याचें पिस्तूल छताकडे उडविलें. छतानें पेट घेतला. झॅपानें वादन थांबवून लोकांस शांतपणें बाहेर पडण्यास सांगितलें. उत्सवाचे चालक क्लोद नोब्स यांनीं धांवपळ करून मुलांस बाहेर काढलें. मनुष्यहानि झाली नाहीं ही ईश्वराची कृपा. पण झॅपाचीं सारीं वाद्यें आणि सबंध कॅसिनो जळून खाक झालें. पलीकडल्या हॉटेलांतून ही मंडळी पाहत राहिली. आपण ज्या सभागृहांत काम करणार होतों तें डोळ्यांदेखत जळत आहे, आणि त्याचा धूर सरोवराच्या पाण्यावर पसरत चालला आहे, असें तें दृश्य.

येथें थोडें विषयांतर करतों. आदल्याच दिवशीं, ३ डिसेंबरला, आपल्या देशाचें पाकिस्तानशीं युद्ध सुरू झालें होतें. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. मुंबईस रात्रीं दिवे झांकण्याचा हुकूम होता, आणि आम्ही कोंकणांतील मुलें शेजारच्या रेडिओभोंवतीं बसून बातम्या ऐकत असूं. त्याच पंधरवड्यांत दूर एका थंड गांवीं पांच माणसें हातांत वाद्यें घेऊन जागा शोधत फिरत होतीं, हें ठाऊक असण्याचें मला कारणच नव्हतें. असो.

नोब्स यांनीं त्यांस 'पॅव्हिलियन' नांवाचें एक नाटकगृह मिळवून दिलें. तेथें मंडळींनीं रात्रीं एक चाल वाजविण्यास घेतली. गांव झोंपेंत, आणि हा गडगडाट! शेजाऱ्यांनीं पोलिसांस बोलाविलें. पोलीस दार ठोठावीत होते, संचाचे हमाल आंतून दार दाबून उभे होते, आणि आंत वादन चाललें होतें. वाजवून पूर्ण झालें तेव्हां दार उघडलें. दुसऱ्या दिवसापासून पॅव्हिलियन बंद. पदरांत पडली ती एवढी एकच चाल, आणि तिला शब्द नव्हते. पुढें कांहीं दिवसांनीं ग्लोव्हर झोंपेंतून जागा होतां होतां पाण्यावरील धुराविषयींचे शब्द आपसूक बोलून गेला. तेंच गाण्याचें नांव झालें, 'स्मोक ऑन द वॉटर'. नांव ऐकून लोकांस हें एखाद्या व्यसनाचें गाणें वाटेल अशी त्यांस प्रथम भीति वाटली होती! प्रत्यक्षांत तें त्या आगीचें आणि जागेसाठीं झालेल्या वणवणीचें साधें सरळ निवेदन आहे. आपल्या शाहिरानें एखादी घडलेली गोष्ट डफावर सांगावी तसें तें आहे. त्यांत झॅपा आहे, नोब्सहि आहेत.

अखेर जागा मिळाली ती ग्रँड हॉटेल नांवाच्या, हिवाळ्यासाठीं बंद करून ठेविलेल्या एका ओस हॉटेलांत. आंत कडाक्याची थंडी. मंडळींनीं खालच्या मजल्यावरच्या बोळांत वाद्यें मांडलीं, आवाज घुमूं नये म्हणून भिंतींशीं गाद्या उभ्या केल्या, उष्णता देणारीं यंत्रें आणविलीं, आणि बाहेर अंगणांत उभ्या असलेल्या त्या मोटारीपर्यंत तारा सोडल्या. मोटारींत मार्टिन बर्च नांवाचा ध्वनिमुद्रक बसला. ६ डिसेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत या गांवीं काम झालें. एवढ्यांत सबंध तबकडी पुरी!

आतां मला जें विशेष वाटतें तें सांगतों. एखादी चाल वाजवून झाली कीं ती कशी उतरली हें ऐकण्यासाठीं मोटारींत जावें लागे. आणि तेथें जाण्याची वाट कशी, तर एका खोलींतून दुसऱ्या खोलींत, सज्जांवरून, जिना उतरून, थंडींत अंगणांत. दोन-चार वेळां गेल्यावर मंडळींस कंटाळा आला, आणि त्यांनीं जाणेंच सोडलें. वाजवावयाचें, आपल्याच कानास पटेपर्यंत वाजवावयाचें, पटलें कीं पुढील चाल घ्यावयाची. मागें वळून ऐकावयाचें नाहीं.

वर्गांत मीं दोन तऱ्हेचीं मुलें पाहिलीं. एक मुलगा गणिताची प्रत्येक ओळ लिहिली कीं थुंकी लावून पुसतो, पुन्हा लिहितो, पुन्हा पुसतो; तास संपतो तेव्हां पाटी मळकट आणि कोरी. दुसरा धडाधड उतरवीत जातो. त्याचें एखादें उदाहरण चुकतें, पण पाटीवर हिशेब तरी असतो. 'मशीन हेड' ही त्या दुसऱ्या मुलाची पाटी आहे. पाठीमागें पोलीस, बाहेर हिंव, हातांत मोजके दिवस आणि मोटारीची वाट बिकट, या चार गोष्टींनीं त्या पांचांस घासूनपुसून गुळगुळीत करण्याची संधि मिळूं दिली नाहीं. पूर्वींच्या दोन तबकड्यांत, १९७० ची 'इन रॉक' आणि १९७१ ची 'फायरबॉल' यांत, जोम पुष्कळ आहे. पण पांच जण एकमेकांकडे पाहत, एकमेकांचें ऐकत वाजवीत आहेत असा भास मला होतो तो या तिसरींतच.

तबकडींत गाणीं सात. पहिल्या बाजूवर चार, दुसरीवर तीन. आरंभीचें 'हायवे स्टार' हें रस्त्यावरून भरधांव जाणाऱ्या मोटारीचें गाणें, आणि तें जन्मलेंहि चालत्या गाडींतच. तुम्ही गाणीं कशीं रचतां, असें बसमध्यें एका वार्ताहरानें विचारलें, तेव्हां ब्लॅकमोरनें हातांतली गिटार छेडण्यास सुरुवात केली आणि गिलननें तोंडास येतील ते शब्द त्यावर म्हटले; त्यांतून हें उभें राहिलें. त्याच्या मध्यावर गिटारीची जी तान आहे तिची बैठक बाखच्या धाटणीच्या स्वरावलींवर आहे. शास्त्र जाणणारे यास काय म्हणतील तें म्हणोत, मला त्यांत दाणेदार फिरतीचा आनंद मिळतो. 'लेझी' या गाण्याच्या आरंभीं लॉर्डचा ऑर्गन एकटाच कितीतरी वेळ घुटमळतो. जांभई देत उठलेल्या बलदंड माणसासारखा. 'नेव्हर बिफोर' मला सामान्य वाटतें; गंमत ही कीं मंडळींची सारी भिस्त त्याच्यावर होती, आणि वेगळी छोटी तबकडी म्हणून आधीं तेंच बाजारांत धाडलें गेलें. तें फारसें चाललें नाहीं. तिच्या मागील बाजूस मात्र 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हें माँत्रोसच ध्वनिमुद्रित केलेलें एक संथ, करुण गाणें होतें, जें मोठ्या तबकडींतून गाळण्यांत आलें. तें गाळणें ही चूक होती असें माझें स्पष्ट मत आहे.

आणि 'स्मोक ऑन द वॉटर'? पोलिसांच्या हातून बचावलेली ती चाल मंडळींस भरतीचीच वाटत होती. १९७३ सालीं अमेरिकेंत ती स्वतंत्रपणें निघाली तेव्हां तेथील यादींत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली, आणि आज जगांत कोठेंहि मुलाच्या हातांत गिटार दिली तर बहुधा तो पहिल्यानें हींच तोडीमोडी बोटें टाकतो. मीं तिचे सूर आमच्या शाळेच्या पेटीवर काढून पाहिले आहेत. सा, कोमल गंधार, मध्यम. पुन्हा सा, कोमल गंधार, तीव्र मध्यमाचा एक चटका आणि लगेच शुद्ध मध्यम. पुन्हा सा, कोमल गंधार, मध्यम. मग गंधारावरून सा वर विसांवा. संपलें. सारे मिळून चार स्वर. दोन्ही मध्यम शेजारीं शेजारीं घेण्याची खोडी आपल्याकडे ललत रागांत आहे. त्यापलीकडे दोहोंचें कांहीं नातें नाहीं, तें ओढूनताणून जोडण्याचें मला कारण नाहीं. आणखी एक गोष्ट. ब्लॅकमोर प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या खालचा चौथा स्वरहि छेडतो, आणि तेहि नखीनें नव्हे, बोटांनीं. म्हणजे षड्जाबरोबर मंद्र पंचम वाजतो. पंचम आणि षड्ज ही तर आपल्या तंबोऱ्याचीच जोडी! इंग्लंडांतल्या गडगडाटाचा पहिला स्वर ऐकतांच माझ्यासारख्या खेडवळाचा पाय जमिनीवर कां टेकतो, याचें कारण मला तेथें सांपडलें.

आतां ओरखड्याची गोष्ट.

१९७६ च्या मे महिन्यांत, परीक्षा आटोपून, मी मुंबईस गिरगांवांत मामांकडे राहावयास गेलों होतों. थोरला मामेभाऊ, त्यास आम्ही सारे दादा म्हणत असूं, नुकताच नोकरीस लागला होता. त्यानें पहिल्या पगारांतून रेकॉर्ड वाजविण्याचें यंत्र घेतलें होतें, आणि बोटीवर नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्याकडून ही तबकडी मिळविली होती. नांव पत्र्यावर ठोकून, त्या चकचकीत पत्र्यांतलें मंडळींचें वेडेंवांकडें प्रतिबिंब टिपलेलें तें वेष्टण मीं पहिल्यानें पाहिलें तेव्हां मला तें भुताटकीसारखें वाटलें. दर रविवारीं दादा दारें लावून ती वाजवी. चाळींतली बिऱ्हाडें कुरकुर करीत. मामी कपाळास हात लावी. मी मात्र वेडा झालों होतों. यंत्रास कोणीं हात लावावयाचा नाहीं, असा दादाचा सक्त दंडक होता. धाकट्या मामेभावानें, तो तेव्हां अकरा वर्षांचा, तो दंडक एकदां मोडून मार खाल्ला होता.

एके दुपारीं मामी निजल्या होत्या, धाकटा खालीं गोट्या खेळावयास गेला होता. मीं दुसरी बाजू लावली. आवाज अगदीं लहान ठेवला. मला ते चार स्वरच पुन्हा पुन्हा ऐकावयाचे होते. म्हणून सुई उचलावी, पुन्हा कडेस ठेवावी, असें तीन वेळां केलें. चौथ्या वेळीं जिन्यांत पावलें वाजलीं आणि माझा हात दचकला. सुई तबकडीवरून घसरली. वर येणारा माणूस दुसऱ्याच बिऱ्हाडाचा होता.

रविवारीं दादानें तबकडी लावली. सुरुवातीसच गिटारीच्या स्वरांमध्यें टक्, टक्, टक्. ओरखडा खांचेस आडवा गेला कीं प्रत्येक फेऱ्यास एक ठोका पडतो. १.८ सेकंदाचा तो आंकडा श्रोत्यांस आठवत असेल. गाण्याची लय निराळी, ठोक्याची निराळी. भजनांत एखादा टाळकरी आपल्याच नादांत टाळ हाणीत बसावा तसें तें ऐकूं येई. असे चौदा ठोके. दादानें एक शब्द विचारला नाहीं. त्यानें धाकट्यास हांक मारली आणि दोन थोबाडींत दिल्या. मी दारांत उभा होतों. धाकटा रडत शपथा घेत होता. मी दुसऱ्या दिवशीं गांवीं परत जाणार होतों, ट्रंक भरून ठेविलेली होती. मीं तोंड उघडलें नाहीं.

पुढें मी मास्तर झालों. वर्गांत कांच फुटली, शाई सांडली, म्हणजे कोणीं केलें तें उभें राहून सांगा, असें मीं किती मुलांस दरडावलें असेल, याची गणती नाहीं.

दादा २०१९ सालीं वारला. वहिनींनीं तबकडी माझ्याकडे पाठविली. भावोजींस हिची आवड होती, असें त्यांस आठवत होतें. त्यानें दुसरी प्रत कधींच घेतली नव्हती.

गेल्या दिवाळींत धाकटा आमच्याकडे आला होता. तोहि आतां नातवंडांचा आजा आहे. जेवणें झाल्यावर त्यानेंच तबकडी काढावयास सांगितली, आणि मीं दुसरी बाजू लावली. टक्, टक्. तो हंसला आणि म्हणाला, "अण्णा, हे चौदा ठोके माझ्या नांवावर जमा आहेत बरं का. दादानं काय लगावल्या होत्या!"

मीं म्हटलें, "ते माझे आहेत." आणि त्या दुपारची सारी हकीकत सांगितली. तोंवर ठोके संपून गिलन गाऊं लागला होता.

धाकटा कांहीं बोलला नाहीं. 'स्मोक ऑन द वॉटर' संपलें, 'लेझी' संपलें, शेवटचें 'स्पेस ट्रकिन' संपलें. साडेसतरा मिनिटें आम्ही दोघे तसेच बसून होतों. सुई मधल्या रिकाम्या खांचेंत फिरूं लागली. मग तो म्हणाला, "दादाला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं." एवढेंच. जरा वेळानें उठून त्यानें तबकडी दोन्ही तळव्यांनीं कडेला धरून उचलली, उलटी केली आणि नीट बसविली. सुई मात्र त्यानें मलाच ठेवावयास सांगितली.